गॅस संपत नाही, पाइप गळतो: गाडीच्या एसी होजच्या कामातला धंदा



एप्रिल लागला की हायवेवरच्या गावागावांत एक पाटी बाहेर येते. 'कार एसी गॅस भरून मिळेल'. खाली मोबाइल नंबर. आज आपल्याला या पाटीबद्दलच बोलायचंय.

गाडीच्या एसीतला गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तोच तो गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो, वर्षानुवर्षं. रबरातून अगदी थोडा झिरपतो, पण त्याला बराच काळ लागतो. मागच्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात नसेल, तर तो कुठूनतरी बाहेर गेलाय. ती जागा न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. आणि ती जागा पुष्कळ वेळा रबरी पाइपावर, म्हणजे होजवर असते, नाहीतर त्याच्या टोकाच्या जोडात.

"सर, ऑटो एसीचं काम सुरू करायचंय, भांडवल थोडं आहे, कुठून सुरुवात करू?" हा प्रश्न मला वारंवार येतो. माझं उत्तर असं: गॅस भरण्यापासून नको, पाइपापासून करा. गेज लावून गॅस सोडणारे प्रत्येक चौकात आहेत आणि ते एकमेकांचे दर पाडण्यातच थकलेत. जुना पाइप काढून, मापाचा नवा बनवून, बसवून, तो टिकेल याची लेखी हमी देणारा माणूस मात्र शोधावा लागतो. लोक ज्याला शोधत येतात, त्याला दर पाडावा लागत नाही.

पाइप रबराचा का असतो?

एवढं समजलं की अर्धं काम समजलं. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाला बोल्टने बांधलेला असतो. इंजिन हलतं, थरथरतं, गिअर टाकला की कलतं. पुढची जाळी, म्हणजे कंडेन्सर, आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल मात्र बॉडीला पक्की असतात. हलणारी वस्तू आणि न हलणारी वस्तू अ‍ॅल्युमिनियमच्या सरळ नळीने जोडली, तर नळी थोड्याच दिवसांत तडकेल. म्हणून मध्ये रबराचा तुकडा घालतात. दोन्ही टोकांना अ‍ॅल्युमिनियमची फिटिंग, आणि रबरावर फेरूल चढवून ते मशीनने दाबलेलं. यालाच क्रिंपिंग म्हणतात.

असे मुख्य पाइप दोन. कूलिंग कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येणारा जाड, हाताला थंड लागणारा सक्शन पाइप. आणि कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे जाणारा बारीक, चटका बसेल इतका गरम डिस्चार्ज पाइप. आर-१३४ए गॅसवर चालणाऱ्या गाडीत, आपल्याकडच्या कडक उन्हात, सक्शनला साधारण ३० ते ४० पीएसआय आणि डिस्चार्जला २०० ते २५० पीएसआय दाब असतो. म्हणजे डिस्चार्जचा पाइप दिवसभर उष्णता, दाब आणि थरथर असं तिहेरी ओझं वाहतो.

आता खरी गोष्ट. पाइप बहुतेक वेळा आपणहून मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. एक टुरिस्ट गाडी डोळ्यासमोर आणा. मे महिना, लग्नसराई, रोज महाबळेश्वर नाहीतर शिर्डीची फेरी. डिस्चार्ज पाइप क्रिंपजवळ फुटला, नवा बसवला, आठ आठवड्यांत पुन्हा तिथंच फुटला. मालक म्हणतो, "पाइप डुप्लिकेट टाकला." पाइप चांगलाच होता. इंजिनाचं एक माउंटिंग बसलं होतं. ड्रायव्हर क्लच सोडायचा तेव्हा इंजिन नको तेवढं उचलायचं आणि प्रत्येक वेळी पाइपाला हिसका बसायचा. माउंटिंग बदललं नाही, तर तिसरा पाइपही फुटणारच.

दुसरा मारेकरी म्हणजे कंडेन्सरचा पंखा. पंखा बंद, नाहीतर जाळीत चिखल, उसाचं पाचट, धूळ भरलेली. मग गॅसची उष्णता बाहेर पडत नाही, दाब चढतो आणि सगळ्यांत कमजोर जागा उसवते. तिसरा, आणि हा आपल्याच धंद्यातला: आधीच्या मेकॅनिकने अंदाजाने जास्त भरलेला गॅस. चौथा अगदी क्षुल्लक वाटतो. पाइप धरून ठेवणारी दोन रुपयांची क्लिप कोणीतरी काढली आणि परत लावलीच नाही. मोकळा पाइप पंख्याच्या चौकटीवर घासत राहतो आणि एक दिवस आरपार होतो.

म्हणून बॉनेट उघडलं की लगेच पाना हातात घेऊ नका. आधी नुसतं बघा. एसीच्या गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. गॅस जिथून निसटतो तिथून थोडं तेलही येतं आणि त्यावर धूळ बसते. पाइपावर, जोडावर, क्रिंपच्या कडेला तेलकट काळा डाग दिसला की समजा गळती आपली सही करून गेलीय. शंका असेल तर साबणाचं पाणी लावा. पण कूलिंग कॉइलची गळती असं बघून दिसत नाही, ती डॅशबोर्डच्या आत लपलेली असते. फक्त बाहेरचा पाइप बदलून 'झालं' म्हणू नका.

गेज काय सांगतो, काय सांगत नाही

पुष्कळ जणांचा इथं गोंधळ होतो. गाडी बंद, बाहेर ३५ अंश तापमान, गेज लावला, काटा ११०-११५ पीएसआयवर. "गॅस फुल आहे!" नाही मित्रांनो. घरातला गॅस सिलिंडर अर्धा असला तरी शेगडी तेवढ्याच जोरात पेटते की नाही? तसंच हे. आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल, तरी त्या तापमानाला दाब तेवढाच दिसणार. बंद गाडीतला दाब 'गॅस आहे' एवढं सांगतो, 'किती आहे' ते सांगत नाही. किती, हे फक्त वजनकाटा सांगतो. त्यावर पुढे येतो.

काटा शून्यावर असेल तर गोष्ट सोपी, सगळं निघून गेलंय. तेव्हा नायट्रोजन भरून गळती शोधायची. रेग्युलेटर लावूनच, आणि साधारण १५० पीएसआयच्या पुढे जायची गरज नाही. इथं तीन गोष्टी जिवावरच्या आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवाही नको. तिच्यात पाणी असतं, आणि आर-१३४ए हवेत मिसळून जास्त दाबाखाली आला तर पेटू शकतो. आणि स्वस्तात मिळतो म्हणून एलपीजी किंवा तिची भेसळ असलेला गॅस गाडीत घालायचा नाही. कूलिंग कॉइल बसलेल्या माणसांच्या गुडघ्यांपुढे असते, तिथं गळती झाली तर गाडीत काय भरेल याचा विचार करा. गॅसचा सिलिंडर पक्क्या बिलावरच घ्या.

आत गॅस शिल्लक असेल तर तो रिकव्हरी मशीनने काढून घ्यायचा. पाइप सैल करून 'फुस्स' करायचं नाही. हवेत गेलेला एक किलो आर-१३४ए पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या १४३० किलोंबरोबर धरतात. म्हणजे छोट्या गाडीतला साडेचारशे ग्रॅम गॅस सोडून दिला, तर साधारण ६४० किलोंचा हिशेब झाला. ते बाजूला ठेवलं तरी तो गॅस तुमच्या पैशांचा आहे, आणि हवेत तो उणे २६ अंशांना उकळतो. उघड्या बोटावर आला तर बोट गोठतं. चष्मा आणि हातमोजे हा खर्च नाही.

पाइप काढताना आणि बनवताना

पाइप काढण्याआधी पहिलं काम पेनचं. दोन्ही टोकांच्या फिटिंग कुठल्या दिशेला वळल्यात ते मार्करने आखून घ्या, फोटो काढा. रबर पिळवटत नाही. एक टोक घड्याळात बाराला आणि दुसरं चारला असेल, तर नवा पाइपही तसाच क्रिंप व्हायला हवा. वीस अंशांनी चुकला तर बसवताना तो पिळून बसेल आणि तोच पीळ पुढे क्रिंप उसवेल. जुना पाइप जाड पुठ्ठ्यावर ठेवून त्याची आकृती काढून घेणारे कारागीर मी पाहिलेत. आकृतीवर गाडीचं मॉडेल लिहून पुठ्ठा भिंतीला टांगतात. दोन हंगामांनी तीच भिंत त्यांचा कॅटलॉग होते.

नट असलेला जोड सोडवताना दोन पाने लावा, एकाने धरा, एकाने फिरवा. एकाच पान्याने जोर लावलात तर अ‍ॅल्युमिनियमची नळी पिळते, आणि पाचशेचं काम पाच हजारांवर जातं. जोड उघडला की त्याच क्षणी दोन्ही तोंडं टोपीने बंद. एसीचं पॅग तेल हवेतलं पाणी भराभर ओढतं. पावसाळ्यात कोकणात तर विचारूच नका.

नवा होज घेताना बॅरियर होजच घ्यायचा. त्याच्या आत नायलॉनचा पातळ थर असतो, तो गॅस झिरपू देत नाही. अंगावर एसएई जे२०६४ असं छापलेलं असतं, ते वाचून घ्या. हायड्रॉलिकचा, डिझेलचा किंवा 'दिसायला सेम' पाइप इथं चालत नाही. माप नंबरात चालतं: ६ नंबर म्हणजे आतून ५/१६ इंच, ८ नंबर १३/३२ इंच, १० नंबर अर्धा इंच, १२ नंबर ५/८ इंच. एक खोच लक्षात ठेवा. त्याच नंबरात जाड भिंतीचा आणि पातळ भिंतीचा असे दोन होज मिळतात. आतलं माप एकच, बाहेरचं वेगळं. जाडाचा फेरूल पातळावर दाबलात तर हाताला घट्ट लागेल, पण दाबाखाली निसटेल. होज, फेरूल आणि डाय हे त्रिकूट एकमेकांच्या मापाचंच हवं.

होज कटरने काटकोनात कापा. हॅकसॉने कापलात तर रबराचा भुसा आत जातो आणि थेट एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकात जाऊन बसतो. फिटिंग पूर्ण आत गेली का, हे फेरूलच्या भोकातून दिसतं. तिथं रबर दिसलं पाहिजे, पोकळी नाही. मग क्रिंप. पाइप तयार झाला की गाडीत बसवण्याआधी दोन्ही टोकं बंद करून नायट्रोजन भरा आणि पाण्याच्या टबात बुडवा. बुडबुडा आला तर तुमच्या टेबलावर येऊ दे, गिऱ्हाइकाच्या प्रवासात नको.

ओ-रिंग प्रत्येक वेळी नव्या. एचएनबीआर रबराच्या, बाजारात बहुधा हिरव्या मिळतात. एसीच्या स्वच्छ तेलाचा एक थेंब लावून बसवायच्या. टेफलॉन टेप, शेलॅक, एम-सील हे नळाच्या कामाचं सामान, ते तिकडेच राहू द्या. गॅसबरोबर तेलही गेलेलं असतं, तेवढं परत घालावं लागतं. किती, ते कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे. सिस्टिम बरेच दिवस उघडी राहिली असेल तर ड्रायर बदला. आणि इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी आली तर? तिचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि तेलही वेगळं लागतं. नेहमीचं पॅग तेल तिच्यात गेलं तर इन्सुलेशन बिघडतं. त्या गाड्यांचं रीतसर प्रशिक्षण होईपर्यंत "मी हे करत नाही" असं सांगा. यात कमीपणा काही नाही.

व्हॅक्यूमला घाई नाही

गर्दीच्या दिवशी सगळ्यांत आधी काटछाट होते ती इथं. पंप पाच मिनिटं चालवला, काटा खाली गेला, गॅस सोडला, पुढची गाडी. व्हॅक्यूम फक्त हवा काढायला नसतो, आतलं पाणी काढायला असतो. दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळतं. खूप खोल व्हॅक्यूममध्ये ते आपल्या नेहमीच्या ३५ अंशांतच वाफ होऊन निघतं, पण त्याला वेळ लागतो. निदान अर्धा-पाऊण तास. राहिलेलं पाणी एक्स्पान्शन वॉल्व्हमध्ये बर्फ होतं, आणि तेलाशी मिळून आम्ल बनून कॉम्प्रेसर खातं. ते बिल मग कोणाच्या नावावर फाटतं ते तुम्हाला माहीत आहे.

पंप बंद करून वॉल्व्ह बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघत बसा. चहा प्या. काटा हलला तर गळती आहे. हलला नाही तरी शंभर टक्के खात्री नसते. व्हॅक्यूममध्ये पाइपावर बाहेरून फक्त हवेचा दाब पडतो, चालू एसीत आतून त्याच्या कितीतरी पट पडतो. नायट्रोजनची चाचणी म्हणूनच आधी.

एक घाटावरची गंमत. पुस्तकात लिहिलेलं असतं, २९ इंचांच्या पुढे व्हॅक्यूम आला पाहिजे. मुंबईत येतो. पुण्यात-नाशकात काटा २८ च्या आसपास थांबतो, महाबळेश्वरला साडेपंचविसाच्या जवळ. पंप खराब नाही. उंचावर हवेचाच दाब कमी, मग काटा खाली जाणार तरी किती? हे ठाऊक नसल्यामुळे चांगला पंप दुकानदाराला परत नेऊन भांडणारे लोक आहेत.

शेवटी गॅस वजनावर. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅस कोणता आणि किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. छोट्या गाड्यांत तो अर्ध्या किलोपेक्षा कमीच असतो, तिथं शंभर ग्रॅमची चूक म्हणजे मोठी चूक. डिजिटल काट्यावर सिलिंडर ठेवा, मोजून सोडा. काही नव्या आयात गाड्यांवर आर-१२३४वायएफ लिहिलेलं असेल. युरोपात २०१७ पासून नव्या कारमध्ये आर-१३४ए चालत नाही, त्यामुळे तिकडून येणाऱ्या गाड्यांत हा गॅस असू शकतो. त्याचे जोड वेगळे, तो थोडा ज्वलनशील, आणि दोन गॅस एकमेकांत मिसळायचे नाहीत.

"भाऊ, फक्त गॅस टाका"

आता काउंटरवरची गोष्ट. टॅक्सीवाला येतो. तो दोन भाड्यांच्या मध्ये आलाय, मागे पॅसेंजर घामाघूम होऊन गेलेत, ॲपवर त्याचं रेटिंग पडलंय. तो म्हणतो, "भाऊ, फक्त गॅस टाका. पाइपाचं नंतर बघू."

तुम्ही काय म्हणाल? पुष्कळ जण दीड हजार घेऊन गॅस टाकतात आणि दोन्ही बाजू खूश. पंधरा दिवसांनी तो परत येतो, पण या वेळी चिडून. त्याच्या दृष्टीने गॅस 'तुम्ही' भरला होता.

त्याला हाताला धरून बॉनेटपाशी न्या, तेलकट डाग दाखवा आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे दाखवा. "दादा, हे बघा. इथून जातोय. आज दीड हजार घेऊन मी गॅस टाकला तर तो इथूनच जाईल. तुमचे पैसे मला हवेत सोडायचे नाहीत." मी पाहिलंय, दहातले सगळे थांबत नाहीत, पण जे थांबतात ते पुढे स्टँडवरच्या इतरांना घेऊन येतात. जो थांबत नाही त्यालाही गॅस भरून देऊ नका. हे सुरुवातीला फार जड जाईल. भाडं थकलेलं असताना समोरचे दीड हजार परत पाठवणं सोपं नसतं, हे मला कळतं.

पण हिशेब करून बघा. आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला. होज, फिटिंग, फेरूल ८५०. ओ-रिंग ६०. ड्रायर ५००. गॅस आणि तेल ६५०. नायट्रोजन, वीज, किरकोळ १२०. माल झाला २१८० रुपये. गिऱ्हाइकाकडून ४२०० घेतले तर हातात २०२० राहिले. त्यातून पोराचा पगार, भाडं, हप्ता.

आता तीच गाडी परत आली. गॅस पुन्हा ६५०, ओ-रिंग ६०, म्हणजे ७१० गेले. पण खरा खड्डा दुसरीकडे आहे. त्या गाडीने तुमची जागा अर्धा दिवस अडवली आणि मे महिन्यात त्या जागेवर दुसरी गाडी लागली असती, तिचे २०२० गेले. मिळून २७३०. एक गाडी परत आली की ज्या कामात ती परत आली ते फुकट, आणि वर सातशे खिशातून. व्हॅक्यूमची वाचवलेली वीस मिनिटं इतकी महाग असतात.

बिलावर हमी लिहून द्या, पण नेमकी. 'आम्ही बनवलेला पाइप, क्रिंप आणि बदललेल्या ओ-रिंग: ६ महिने.' कूलिंग कॉइल, कंडेन्सर, कॉम्प्रेसर त्यात नाही, हेही लिहा. माउंटिंग खराब आहे, पंखा बंद आहे असं दिसलं आणि मालकाने नाही म्हटलं, तर तेही बिलावर लिहून त्याची सही घ्या. 'एसी कामाची गॅरंटी' एवढंच लिहिणारा माणूस पुढच्या वर्षभराची भांडणं विकत घेतो.

चार महिन्यांचा हंगाम, बारा महिन्यांचं भाडं

गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत श्वास घ्यायला सवड नसते. पहिला पाऊस पडला की दुकानात शुकशुकाट. या धंद्यातली खरी अडचण ही आहे.

थोडं काम पावसात मिळतं. आतून काचेवर धुकं धरतं तेव्हा ते घालवायला एसीच लागतो, हे घाटातून रोज जाणाऱ्यांना पटवून द्यावं लागत नाही. पण भरवसा ठेवायचा तो दुसऱ्या गिऱ्हाइकावर. जेसीबी, पोकलेन, ऊस तोडणीचं हार्वेस्टर यांच्या केबिनलाही एसी असतो. त्यांचे पाइप लांब, थरथर प्रचंड, धूळ विचारूच नका. कंपनीचा पाइप यायला चार दिवस लागत असतील तर मशीन चार दिवस उभं. अशा माणसाला पाइप किती रुपयांचा यापेक्षा तो आज संध्याकाळी मिळणार का, हे महत्त्वाचं असतं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगर या पट्ट्यात गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. म्हणजे तुमचा एसीचा हंगाम संपतो आणि चालू होतो, त्याच्या बरोबर मधला काळ.

त्याच यंत्रांना हायड्रॉलिक होजही लागतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीलाही लागतात. क्रिंपिंग मशीन घेतानाच हा विचार करा. एसी होजपुरतं हाताने दाबायचं छोटं मशीन स्वस्त पडतं, पण हायड्रॉलिकच्या तारेच्या जाळीच्या होजला ते पुरत नाही. मोठं मशीन घेतलंत तर डाय बदलून दोन्ही कामं होतात. फक्त दोन्हींचं सामान एका ड्रॉवरमध्ये ठेवू नका. हायड्रॉलिकच्या कामाची घाण एसीच्या फिटिंगला लागली तर आधीचं सगळं व्हॅक्यूम वाया.

आणि एक मोठं गिऱ्हाईक दारात येतंय. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली. २०२५ मध्ये एन-२ आणि एन-३ गटातल्या, म्हणजे साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. ते ट्रक सुरुवातीला वॉरंटीत असतील, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातील. तुमच्याकडे यायला दोन-तीन वर्षं. त्या आशेवर आज मोठं कर्ज काढू नका. पण दुकानाची जागा बघताना समोर ट्रक वळेल एवढी मोकळीक आहे का, हे आजच बघा. ते नंतर वाढवता येत नाही.

गॅसही कायमचा हाच राहणार नाही. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मंजुरी दिली. त्यानुसार आर-१३४ए ज्या गटात येतो त्या गॅसचा वापर २०२८ ला गोठवायचा आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. जुना आर-१२ गेला तेव्हा फक्त 'गॅस भरणारे' गोंधळले होते. पाइप, जोड आणि दाब समजणाऱ्यांनी नवं सामान शिकून घेतलं.

कागद आणि पैसा, थोडक्यात

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात कामगार थोडे असतील तर दुकाने कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. मुद्रा कर्जात शिशु गट ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत. गेज, व्हॅक्यूम पंप, काटा, नायट्रोजनचा सेट आणि छोटं क्रिंपिंग मशीन हे किशोरच्या आत बसवता येईल का, त्याची कोटेशन घेऊनच बँकेत जा. अनुदानाच्या योजनांची आजची स्थिती जिल्हा उद्योग केंद्रात समक्ष विचारा. मोठ्या मशीनसाठी पहिल्या वर्षी थांबलात तरी चालेल. सुरुवातीला शहरातल्या क्रिंपिंगवाल्याकडून पाइप बनवून आणा, बसवण्याचं काम तुमचं. महिन्याला किती पाइप बनवून आणले ते वहीत लिहा. त्या वहीवरून मशीन कधी घ्यायचं ते कळेल.

आणि हा लेख वाचून लगेच गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावायचा नाही. या आठवड्यात गाड्यांच्या भंगारवाल्याकडे जा. एसीचे पाच-सहा जुने पाइप किलोवर मिळतील. एक होज उभा चिरा आणि आतला नायलॉनचा थर बोटाने चाचपून बघा. एक क्रिंप करवतीने मधोमध कापा, फिटिंगचे दात रबरात कसे रुतलेत ते दिसेल. मग उरलेल्या पाइपांची टोकं बघून ओळखायचा प्रयत्न करा: हा फुटला, घासला, की ओढला गेला? प्रत्येकाला चिठ्ठी बांधा आणि कारण लिहा. नंतर एखाद्या जुन्या एसी मेकॅनिककडे ते पाइप घेऊन जा, चहा सांगा, आणि तुमच्या चिठ्ठ्या त्याला वाचून दाखवा.